नजरअंदाज आणि कसोटी

पीक रुपयात किती आणे आले, हे एके काळी अधिकारी बांधावर उभा राहून ठरवी. तीच आणेवारी. साऱ्याची सूट त्या नजरेवर अवलंबून असे. नजर चुकली तर कुणब्याने दाद कशाच्या आधारे मागावी?

या प्रश्नाला शास्त्राची जोड देणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव ठळक आहे. त्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. लंडन येथे त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली. नेमन आणि पिअर्सन या जोडीने १९३३ साली कसोटीचे गणित पक्के बांधले होते. परतल्यावर सुखात्म्यांनी चिठ्ठी टाकावी तशी शेते निवडून, ठराविक तुकड्यातील पीक कापून तोलण्याची पद्धत रुजविली. वि. गो. पानसे यांच्यासह लिहिलेला त्यांचा शेतकी संशोधकांसाठीचा ग्रंथ १९५४ साली निघाला.

या विद्येचा एक आद्य कारागीर पगारी नोकरच होता. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेटने थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची रीत १९०८ साली प्रसिद्ध केली. पण नोकराने स्वतःच्या नावाने लिहू नये, असा मालकांचा दंडक होता. म्हणून त्याने 'स्टुडंट' हे नाव घेतले. ती कसोटी आजही त्याच नावाने चालते.

कसोटीचे मर्म सोपे आहे. आधी 'वेगळे काही घडलेले नाही' असे धरावे आणि मग पाहावे, की जे दिसले ते निव्वळ योगायोगाने कितीदा दिसेल. तेंदूपाने आणि बिडी यांवर आपल्या जिल्ह्यातील कित्येक चुली पेटत आल्या, म्हणून उदाहरण तेथलेच घेऊ. समजा, एखाद्या बाईच्या हातच्या शंभरात पाच बिड्या सदोष निघतात. मग हजारात पन्नास छाट अपेक्षित. एखाद्या दिवशी सत्तावन्न निघाल्या, तर तो योगायोग असू शकेल. तसे शंभरात पंधरा-सतरा वेळा घडेल. पण पंचाहत्तर निघाल्या, तर ते हजारात एकदाही क्वचितच घडेल. तेव्हा कारण शोधलेच पाहिजे. हात बिघडला, पान खराब आले, की तपासणाराची नजर कडक झाली, हे मात्र गणित सांगत नाही. ते माणसांनीच विचारावे लागते.

आज पायथन भाषेतील 'सायपाय' या संग्रहात ही कसोटी एका ओळीच्या आज्ञेने होते. गॉसेटला लागलेले कष्ट आता यंत्र क्षणात करते. परंतु निवड पक्षपाती असेल, मोजणी ठेकेदाराच्याच वहीतली असेल, तर यंत्र खोट्या आकड्यालाही तितक्याच तत्परतेने उत्तर देईल.

म्हणून आपली पहिली मागणी मोजणीची असावी. मोजताना दोन्ही पक्ष हजर असावेत आणि वही दोघांच्या सहीची असावी. कसोटी त्यानंतर लावता येते.