क्लब वर गेला, गावाचं काय?

काळाच्या प्रवासाला यंत्र लागतं, असं लेखक मंडळींनी उगाच पसरवून ठेवलं आहे. ल्यूटनला जायला लंडनहून उत्तरेकडे निघालेली साधी लोकल पुरते, तासाच्या आत पोचता. सालाचं तेवढं आधी ठरवून ठेवा.

पहिल्या खेपेला तुम्ही मार्च 2002 मध्ये उतरता. व्हॉक्सहॉलच्या कारखान्यातून या आठवड्यात शेवटची मोटार बाहेर पडते आहे. यापुढे इथे फक्त व्हॅन बनतील, आणि तेही शेजारच्या दुसऱ्या कारखान्यात. फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसांकडे बघताना तुमच्या लक्षात येतं, की यांतल्या बऱ्याच जणांचे वडीलही याच फाटकातून आत-बाहेर करत होते. कंपनी लंडनमधून इथे आली 1905 मध्ये. गावचा फुटबॉल क्लब केनिलवर्थ रोडच्या मैदानावर राहायला गेला तोही त्याच वर्षी. त्याआधी हे टोप्यांचं गाव होतं. गवताच्या काड्यांच्या वेण्या घालून हॅट शिवणाऱ्या बायकांच्या कमाईवर इथली घरं चालत, म्हणून क्लबला अजूनही ‘हॅटर्स’ म्हणतात.

कारखाना मोटारींना रामराम करतो त्याच वसंतात क्लब चौथ्या श्रेणीतून तिसरीत चढतो. पबमध्ये आनंद आहे, गावाच्या हिशेबात मात्र काहीच जमा होत नाही. पुढच्याच वर्षी क्लबचा ताबा अशा माणसाकडे जातो, की तो लाडक्या मॅनेजरला काढून नवा मॅनेजर फोनवरच्या मतदानाने निवडतो, आणि मोटरवेच्या डोक्यावर स्टेडियम बांधून त्याभोवती मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक करण्याच्या गोष्टी सांगतो. लोक हैराण होतात, मालक बदलतो, 2005 मध्ये क्लब आणखी एक पायरी चढतो. दोन वर्षांनी तिजोरीत पुन्हा खडखडाट.

म्हणून एक गोष्ट आताच गाठीला बांधून घ्या, पुढच्या प्रवासात लागेल. क्लब वर चढला की गावाचं भलं होतं, हे अर्धंच खरं आहे. चढलेल्या क्लबच्या किल्ल्या कोणाच्या खिशात आहेत, हे उरलेलं अर्धं.

आता सात वर्षं पुढे, 2009 च्या वसंतात या. मार्चमध्ये इराकहून परतलेल्या सैनिकांचं संचलन गावातून जातं. मूठभर लोक त्याविरुद्ध निदर्शनं करतात, दुसरी बाजू चिडते, आणि काही महिन्यांतच ‘इंग्लिश डिफेन्स लीग’ नावाची मुस्लिमविरोधी संघटना याच गावात उभी राहते. पुढची कित्येक वर्षं वर्तमानपत्रात ल्यूटन हे नाव आलं की एक तर विमानतळ असायचा, नाही तर द्वेष. इथल्या पोराने बाहेर कुठे गावाचं नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीकशी आठी उमटायची.

क्लबने तो मोसम वजा 30 गुणांवर सुरू केलेला आहे. दलालांना दिलेल्या बेकायदा पैशांबद्दल 10 गुण आणि दिवाळखोरीतून बाहेर पडताना नियम मोडल्याबद्दल 20. शिक्षा जुन्या कारभाऱ्यांच्या कर्माची, भरणारे मात्र नवे. कारण क्लब आता समर्थकांच्याच एका गटाने विकत घेतला आहे.

5 एप्रिलला तुम्ही वेम्बलीत आहात. खालच्या श्रेणीतल्या क्लबांचा एक चषक, समोर स्कन्थॉर्प. ल्यूटनचे चाळीसेक हजार लोक नारिंगी रंगात न्हाऊन आले आहेत. चौथ्या श्रेणीतून, म्हणजे फुटबॉल लीगमधूनच, बाहेर फेकला जाणार हे जवळपास ठरलेला क्लब जादा वेळेत 3-2 असा जिंकतो आणि हे लोक वेड लागल्यासारखे गातात. तुमच्या शेजारचा म्हातारा रडतो आहे, कशासाठी ते त्याला तरी सांगता येईल का, शंका आहे. त्याच महिन्यात क्लब पाचव्या श्रेणीत कोसळतो आणि पाच वर्षं तिथेच अडकून पडतो.

ही पाच वर्षं धावत पार करा, पण 2014 मध्ये थोडं थांबा. त्या वर्षी क्लब लीगमध्ये परततो, तेही 101 गुण मिळवून. माझ्या मते त्याहून मोठ्या दोन गोष्टी त्याच वर्षीच्या आहेत. क्लबचं नाव, रंग आणि बोधचिन्ह बदलायला नकार देण्याचा कायदेशीर हक्क समर्थकांच्या ट्रस्टला मिळतो. आणि नोकरांना, म्हणजे झाडलोट करणाऱ्यालाही, खऱ्या अर्थाने जगण्यापुरता पगार देण्याची हमी देणारा हा फुटबॉल लीगमधला पहिला क्लब ठरतो. छातीवर जुगाराच्या कंपनीचं नाव मिरवायचं नाही, हेही या मालकांनी पाळलेलं पथ्य. गावाच्या फायद्याची मोजदाद करताना ही कलमं कुठल्याच तक्त्यात येत नाहीत, आणि ती प्रीमियर लीगमध्ये जाण्याच्या नऊ वर्षं आधीची आहेत.

27 मे 2023. पुन्हा वेम्बली, समोर कव्हेंट्री, पणाला प्रीमियर लीगमधली जागा. सामना सुरू होऊन काही मिनिटांतच कप्तान टॉम लॉकयर मैदानात कोसळतो आणि त्याला रुग्णालयात नेतात. 1-1 अशी बरोबरी, जादा वेळ, मग पेनल्टी. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच आत जातात. सहावी ल्यूटनकडून डॅन पॉट्स मारतो. कव्हेंट्रीच्या फँकाटी डाबोची आडव्या दांड्यावरून निघून जाते आणि तुमच्या पायाखालचा स्टँड अक्षरशः हलतो. मैदानावरच्या घोळक्यात पेली रडॉक म्पान्झू आहे. तो क्लब पाचव्या श्रेणीत असताना आला होता. एकाच क्लबबरोबर पाचव्या श्रेणीपासून प्रीमियर लीगपर्यंत चढलेला तो पहिलाच खेळाडू.

याला जगातला सर्वांत महाग सामना म्हणतात. जिंकणाऱ्याला तीन मोसमांत किमान 17 कोटी पौंड मिळतील, असा डेलॉइटचा त्या वर्षीचा अंदाज होता. दोन दिवसांनी उघड्या बसमधून संघाची मिरवणूक निघते, सेंट जॉर्जेस स्क्वेअर माणसांनी फुलून जातो, आणि तुमच्या मनात येतं की आता या गावावर सोन्याचा पाऊस पडणार.

तो पडत नाही. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते जरा बघा. तो मुख्यतः टीव्हीच्या हक्कांचा आहे, म्हणजे लंडनहून क्लबच्या खात्यात जमा होतो आणि खेळाडूंचे पगार, बदल्यांची रक्कम, दलाली यांवाटे बराचसा गावाबाहेर निघून जातो. केनिलवर्थ रोडवर बसतात जेमतेम 12 हजार माणसं. घरचे सामने 19, म्हणजे मोसमात दोन लाख अठ्ठावीस हजार फेऱ्या. गावाची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या घरात. ऐकायला भव्य वाटतं, पण पलीकडच्या विमानतळावरून तेवढी माणसं पाच-सहा दिवसांत जातात, आणि तो विमानतळ नगरपालिकेच्या मालकीचा आहे. शिवाय स्थानिक माणसाने शनिवारी मैदानात उडवलेले वीस पौंड त्याने एरवी गावातच कुठेतरी उडवले असते. अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हे सांगत आले आहेत, आणि मोठी स्टेडियम विकायला निघालेले पुढारी तितकीच वर्षं त्यांच्याकडे काणाडोळा करत आले आहेत.

मग गावाला मिळालं काय? त्यासाठी 5 डिसेंबर 2023 च्या मंगळवारी संध्याकाळी बरी पार्कमध्ये या.

डनस्टेबल रोडवर मिठाईची दुकानं उजळलेली आहेत, काचेमागे सलवार-कमीज, कबाबाचा धूर, कानांवर उर्दू, पंजाबी, बंगाली. मैदान याच वस्तीच्या पोटात आहे. ओक रोडवर विटांच्या घरांची रांग आहे आणि त्या रांगेतल्या घरांच्या खालच्या मजल्यातूनच पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी दार काढलेलं आहे. आज पाहुणे आहेत आर्सेनलचे. त्यांच्यामागे तुम्हीही शिरता. लोखंडी जिना चढता आणि खाली लोकांच्या परसात डोकावता. वाळत घातलेले कपडे, उलटी पडलेली सायकल, स्वयंपाकघराच्या खिडकीतला दिवा. गिरगावातल्या चाळीच्या मागच्या जिन्याने कोणाच्या तरी घरात घुसल्यागत तुम्ही ओशाळता. जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगचा हा दरवाजा. इथून आत जातानाची चित्रफीत काढून घरी पाठवली नाही असा पाहुणा त्या मोसमात विरळाच.

याच मैदानाला लीगच्या लायक करायला क्लबने उन्हाळ्यात एक कोटी पौंडांच्या आसपास खर्च केले आहेत. कॅमेऱ्यांच्या जागा, दिवे आणि संपूर्ण नवा बॉबर्स स्टँड. काम वेळेत झालं नाही, म्हणून ऑगस्टमधला पहिला घरचा सामनाच पुढे ढकलावा लागला. हसू नका, घराचं काम मिस्त्रीने सांगितलेल्या तारखेला संपलेलं तुम्ही तरी कधी पाहिलंय?

सामना चालू होतो. आर्सेनल एक, ल्यूटन एक. आर्सेनल दोन. मध्यंतरानंतर अडेबायो, मग बार्कली, आणि ल्यूटन 3-2 असं पुढे! पाचव्या श्रेणीतून आलेला क्लब लीगच्या अग्रस्थानी असलेल्या संघाला धुतो आहे. हावर्ट्झ बरोबरी साधतो आणि 97 व्या मिनिटाला डेक्लन राइसचं डोकं चेंडूला लागतं. 3-4. टाळ्या मात्र थांबत नाहीत. जगभर, अगदी पुण्या-मुंबईतही, रात्र जागवणारे लोक ल्यूटन हा शब्द उच्चारत आहेत, आणि तो द्वेषाशी किंवा स्वस्त विमानाच्या तिकिटाशी जोडून नव्हे. 2009 मधली ती आठी आठवा. गावाला मिळालेली ही पहिली खरी कमाई, असं मी म्हणेन. इथल्या लोकसंख्येत सदतीस टक्के लोक आशियाई मुळांचे आहेत. त्यांच्या पोरांना आपल्या गल्लीत कॅमेरे आले ते कोणाच्या अटकेसाठी नव्हे, हा अनुभव नवा होता.

अर्थात बरी पार्कच्या सगळ्यांना हा उत्सव वाटतो असं समजू नका. सामन्याच्या संध्याकाळी स्वतःच्या दारात गाडी लावता येत नाही, रस्ते बंद, पोलिसांचे घोडे. आणि दारातून गर्दी जाते म्हणून घरातला माणूस आत जातोच असं नाही. इतक्या दशकांच्या शेजारानंतरही स्टँडमधले चेहरे आणि रस्त्यावरचे चेहरे यांत बरंच अंतर आहे, ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. एका मोसमाच्या झगमगाटाने ते मिटत नसतं.

मोसम संपला तेव्हा क्लब अठरावा आला आणि खाली उतरला.

2025 मध्ये या. 28 मार्चला व्हॉक्सहॉलचा व्हॅनचा कारखानाही बंद होतो. सुमारे 1,100 नोकऱ्यांचा प्रश्न, आणि 1905 पासूनचा धागा तुटतो. पाच आठवड्यांनी क्लब पुन्हा घसरतो, आता तिसऱ्या श्रेणीत. 2002 मध्ये कारखान्याची मोटार थांबली तेव्हा क्लब निदान वर तरी चढत होता. गावावर एवढी वेळ आलेली असताना फुटबॉलच्या फायद्याची भाषा करणं तुम्हाला उद्धट वाटेल.

तरी स्टेशनाबाहेर पडून पॉवर कोर्टकडे चाला. इथे पूर्वी वीजनिर्मिती केंद्र होतं, म्हणून हे नाव. आता मोकळी, खडबडीत जागा. पायाखालच्या बंदिस्त नळातून ली नदी वाहते आणि ती पुन्हा उघडी करण्याचा विचारही योजनेत आहे. क्लबची ही जागा. स्टेडियमला पहिली परवानगी 2019 च्या जानेवारीत मिळाली, क्लब तेव्हा तिसऱ्या श्रेणीतच होता. सुमारे 25 हजार आसनांच्या नव्या आराखड्याला डिसेंबर 2024 मध्ये होकार मिळाला. प्रीमियर लीगच्या एका मोसमातले दहा कोटी पौंडांहून जास्त उत्पन्न आणि एकच मोसम टिकलेल्या क्लबला उतरल्यावर दोन वर्षं मिळणारी आधाराची रक्कम, यांमुळे कागदावरच्या या बेताला पाठबळ आलं. फोनवर मॅनेजर निवडणाऱ्याच्या हाती हाच पैसा पडला असता तर काय झालं असतं, ते तुम्ही 2003 मध्ये बघून आला आहात. दोनदा घसरूनही या मालकांनी बेत सोडलेला नाही.

स्टेडियम इथे झालं तर पाहुणा स्टेशनातून उतरून गावाच्या मध्यातच येईल, जेवेल, पिईल, कदाचित मुक्कामही करेल. मधल्या भागातल्या रिकाम्या दुकानांना हेच हवं आहे. 12 हजारांऐवजी 25 हजार, आणि वर्षभर इतर कार्यक्रम. यावेळचा हिशेब खरोखर बदलू शकतो.

पण मग ओक रोडचं काय? केनिलवर्थ रोडची जमीन 1989 पासून नगरपालिकेची आहे. क्लब गेला की तिथे घरं बांधण्याचा मानस आहे. पॉवर कोर्ट तिथून पायी अर्ध्या तासाच्या आत. गर्दी तेवढ्याच अंतराने सरकेल आणि सामन्याच्या दिवशीचा कबाबवाल्याचा गल्लाही तिच्याबरोबर जाईल. शंभराहून अधिक वर्षं ज्यांनी बंद रस्ते, आरडाओरडा आणि परसात डोकावणारे परके सोसले, त्यांना क्लबच्या भरभराटीतून मिळेल ती शांत संध्याकाळ आणि दारात गाडी लावायला जागा. बरी पार्कमध्ये चार दारं ठोठावून विचारलंत, तर त्यांतल्या दोन घरांना हाच फायदा सर्वांत मोठा वाटेल, आणि उरलेल्या दोन घरांशी त्यावरून त्यांचं भांडणही होईल.