स्वयंचलन ते नियंत्रणजाळे : राधानगरीचा दाखला

राजर्षी शाहूंनी भोगावती नदीवर आरंभिलेल्या राधानगरी धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय पूर्ण भरताच ते मनुष्याच्या हाताविना उघडतात. पातळी उतरताच मिटतात. प्रत्येकातून सेकंदास १,४२८ घनफूट पाणी सुटते. या यंत्रणेचे सामर्थ्य तिच्या स्वावलंबनात आहे. तिची मर्यादाही तीच होय. दरवाजास केवळ आपल्यापुढील पाणी कळते. खाली कोल्हापुरास पंचगंगा किती चढली, हे कळत नाही. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत अशा दूरच्या वार्तेचे मोल प्रत्ययास आले.

इमारतींतील वातानुकूलन, दिवे इत्यादींची नियंत्रकेही दीर्घकाळ अशीच एकाकी होती. त्यांस समान भाषा देण्यासाठी बॅकनेट या संकेतप्रणालीचे कार्य अमेरिकेत १९८७ साली सुरू झाले. १९९५ साली ती मानक ठरली व १९९९ साली इंटरनेट प्रोटोकॉलवरून तिचे वहन मान्य झाले. तथापि, यंत्रांनी सर्वांस उद्देशून दिलेली ‘कोण आहे?’ ही हाक सामान्यतः राऊटर ओलांडीत नाही. म्हणून ती पलीकडे पोहोचविणारे मध्यस्थ साधन योजावे लागले. शिवाय हाक देणाऱ्याची ओळख पटविण्याची सक्ती मूळ रचनेत नव्हती. सुरक्षित जोडणीची नवी तरतूद २०१९ साली झाली.

तात्पर्य, जाळ्यामुळे यंत्रास दूरची वार्ता लाभते, परंतु त्यासवे परावलंबनही येते. जाळे तुटले असताही स्थानिक नियंत्रण अबाधित राहिले पाहिजे, हा राधानगरीच्या दरवाजांचा धडा आजच्या रचनाकारानेही ध्यानी घ्यावयास हवा.