क्राकूवचा मामा

पोलिश भाषेत आईच्या भावाला ‘वुयेक’ म्हणतात, म्हणजे आपला मामा. वडिलांच्या भावासाठी आपल्यासारखाच त्यांच्याकडेही वेगळा शब्द आहे, पण बोलताना आता बहुतेक जण दोघांनाही वुयेकच म्हणतात. १९५० च्या दशकात पोलंडमधल्या क्राकूव शहरातले काही कॉलेजचे विद्यार्थी एका तरुण कॅथलिक धर्मगुरूला या नावाने हाक मारत. त्यात माया होती, तशी गरजही होती. कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूने चर्चच्या बाहेर तरुणांचे गट घेऊन फिरायला बंदी होती. भर आगगाडीत कोणी ‘फादर’ म्हणून हाक मारली असती, तर सगळ्यांवरच बालंट आले असते. म्हणून ‘मामा’.

हे मामा म्हणजे कारोल वोयतिवा. १९७८ मध्ये ते पोप जॉन पॉल दुसरे झाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते भारतात आले होते आणि गोवा, मुंबई, पुणे अशा आपल्या भागातही येऊन गेले. पोप म्हणून ते सगळ्या जगाला ठाऊक आहेत. मला सांगायची आहे ती त्याआधीची, विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाची गोष्ट. शाळा सुटल्यावर इतक्या वर्षांनी आपण पुन्हा एकत्र जमतो आहोत, म्हणून ती इथे सांगावीशी वाटली.

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी खास धर्मगुरू नेमण्याची पद्धत तशी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातली बरीच विद्यापीठे चर्चच्या हातातून सुटून सरकारच्या किंवा स्वतंत्र कारभाराखाली आली. तिथे आपली मुले पाठवावीत की नाही, असा प्रश्न कॅथलिक चर्चपुढे उभा राहिला. इंग्लंडमध्ये तर उलटाच प्रकार होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने १८७१ च्या कायद्यानंतर धर्माची अट जवळजवळ काढून टाकली, पण कॅथलिक बिशपच आपल्या मुलांना तिकडे जाऊ नका म्हणून सांगत होते. ही मनाई १८९५ मध्ये उठली आणि मग विद्यार्थ्यांबरोबर धर्मगुरू नेमण्याची व्यवस्था झाली. ‘जाऊ नका’पासून ‘जा, आम्ही सोबत आहोत’पर्यंत यायला चर्चला बरीच वर्षे लागली. त्याच सुमाराला, १८९३ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात न्यूमन क्लब निघाला. इटलीत १८९६ मध्ये कॅथलिक विद्यार्थ्यांची संघटना उभी राहिली. पुढे पोप सहावे पॉल झालेले मोंतिनी १९२५ ते १९३३ या काळात, म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीत, तिचे धर्मगुरू होते. आपल्याकडेही १९२४ पासून कॅथलिक विद्यार्थ्यांचा अखिल भारतीय संघ आहे.

पोलंडची गोष्ट मात्र वेगळ्या परिस्थितीतून आली. दुसऱ्या महायुद्धात त्या देशाचे काय झाले याची थोडी कल्पना आपल्या कोल्हापूरकरांना आहे. १९४३ ते १९४८ या काळात घरदार सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुले, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होते. इकडे क्राकूवमध्ये जर्मनांनी ६ नोव्हेंबर १९३९ रोजी यागेलोनियन विद्यापीठातल्या प्राध्यापकांना एका व्याख्यानाच्या निमित्ताने सभागृहात बोलावले आणि तिथेच अटक करून छळछावणीत पाठवले. विद्यापीठ बंद झाले. वोयतिवा तेव्हा तिथे पोलिश भाषा-साहित्याचे विद्यार्थी होते. एका वर्षातच त्यांचे कॉलेज सुटले. त्यांनी आधी दगडाच्या खाणीत आणि नंतर सोल्व्हे कंपनीच्या रासायनिक कारखान्यात मजुरी केली. धर्मगुरू होण्यासाठीचे शिक्षणही लपूनछपून घ्यावे लागले. १ नोव्हेंबर १९४६ रोजी त्यांना दीक्षा मिळाली.

रोममध्ये पुढचे शिक्षण आणि नंतर एका खेड्यात काही महिने काम केल्यावर १९४९ मध्ये त्यांची नेमणूक क्राकूवच्या सेंट फ्लोरियन चर्चमध्ये झाली. विद्यार्थ्यांसाठीचे काम आधीपासून विद्यापीठाच्या सेंट ॲन चर्चमध्ये चालत होते. पण युद्धानंतर कॉलेजे भरभरून वाहत होती आणि एक केंद्र पुरेना. सेंट फ्लोरियन इंजिनिअरिंग कॉलेजच्या जवळ, म्हणून आर्चबिशप सापिएहा यांनी दुसरे केंद्र तिथे सुरू करायला सांगितले. एकोणतीस वर्षांच्या या धर्मगुरूने वसतिगृहांच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. दर गुरुवारी संध्याकाळी तो देव आहे कशावरून, माणसाला आत्मा असतो म्हणजे काय, अशा विषयांवर बोलत असे. कॉलेजात मार्क्सवादाचे तास सक्तीचे होते. त्यामुळे असे प्रश्न मोकळेपणाने विचारायला जागाच उरली नव्हती. त्याने मुलामुलींचे एकत्र गायनपथक काढले आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी वर्ग सुरू केले.

सरकारचे धोरण याच काळात कडक होत गेले. ऑगस्ट १९४९ च्या हुकमाने प्रत्येक धार्मिक संघटनेला नोंदणी सक्तीची झाली. सभासदांची नावे सरकारजमा करायची, म्हणजे पोलिसांच्याच हाती द्यायची. त्यापेक्षा बिशपांनी तरुणांच्या संघटना स्वतःहून बंद केल्या. १९५३ मध्ये पोलिश चर्चचे प्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांना अटक झाली आणि ते तीन वर्षे स्थानबद्ध राहिले. १९५४ मध्ये यागेलोनियन विद्यापीठातला धर्मशास्त्राचा विभागच बंद झाला. तो शतकानुशतके चालत आला होता.

संघटना काढता येत नव्हती, म्हणून संघटना निघालीच नाही, आणि मला या साऱ्या इतिहासात तेच महत्त्वाचे वाटते. गटाला नाव नव्हते, अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती, यादी नव्हती. पुढे ते स्वतःला नुसते ‘श्रोदोविस्को’ म्हणू लागले. त्याचा अर्थ परिसर, आपल्या आसपासचा गोतावळा. १९५१ मध्ये वोयतिवांना चर्चच्या कामातून मोकळे करून प्रबंध लिहायला बसवले, तरी भेटीगाठी सुटल्या नाहीत. रविवारी डोंगर, थंडीत स्कीइंग, उन्हाळ्यात नदी. १९५३ पासून दोन माणसांच्या लहान होड्यांतून, म्हणजे कयाकमधून, दोन-दोन आठवड्यांच्या सहली सुरू झाल्या. पहिली ब्र्दा नदीवर होती.

या सहलींचा दिनक्रम ठरलेला असे. सकाळी काठावर एक होडी उपडी घालायची, तीच वेदी. दोन वल्ही एकमेकांना बांधली की क्रूस तयार. त्यावर मिस्सा. मग दिवसभर वल्हवायचे. मामांच्या होडीतली दुसरी जागा रोज नव्या माणसाला मिळे, आणि तो दिवस त्याचा. अभ्यास, घर, प्रेम, नोकरी, श्रद्धा उरली नाही याची कबुली, काहीही बोलावे. रात्री शेकोटी, गाणी आणि एखाद्या विषयावर चर्चा. गटातल्या लोकांनी पुढे सांगितले आहे, की मामा ऐकून खूप घेत, प्रश्न विचारत, पण ‘तू असेच कर’ म्हणून सांगत नसत. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. जिथे पक्ष, कॉलेज आणि वर्तमानपत्र सगळेच काय विचार करायचा ते सांगत होते, तिथे ही मोठीच मोकळीक होती.

या गप्पांतून एक पुस्तकही आले. विद्यार्थ्यांची लग्ने होत होती, मुले होत होती, आणि त्यांचे प्रश्न बदलत होते. स्त्री-पुरुष संबंध, संसार, जबाबदारी यांवर वोयतिवांनी लिहिलेल्या मजकुरावर सहलीत चर्चा झाली आणि १९६० मध्ये ‘प्रेम आणि जबाबदारी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका ब्रह्मचारी धर्मगुरूने त्या काळात शरीरसंबंधांविषयी इतके स्पष्ट लिहावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना या पुस्तकाचा विरोध होता, आणि १९६८ मध्ये पोपने तीच भूमिका सगळ्या चर्चसाठी कायम केली तेव्हा जगभरातल्या असंख्य कॅथलिकांना ती पटली नाही. होडीत बसून ‘निर्णय तुझा’ म्हणणे आणि रोममधून साऱ्या जगासाठी नियम सांगणे, यांत अंतर पडतेच. मला ते पूर्ण जुळवता आलेले नाही.

गटातला एक जण माझ्या विशेष लक्षात राहिला, कारण तो इंजिनिअर होता. येझी चेशेल्स्की. जन्म १९२९, क्राकूवचा, स्थापत्य अभियंता आणि पट्टीचा खेळाडू. मामांना होडीची गोडी त्याने लावली. तो पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागला. त्याची नोकरी, संसार, तीन मुले, सगळे आपल्यासारखेच साधे होते. सुदानमधल्या खार्टूम विद्यापीठात शिकवायला गेला असताना ऑक्टोबर १९७० मध्ये नाईल नदीत होडीच्या अपघातात तो आणि त्याची दोन मुले बुडाली. वोयतिवा तेव्हा कार्डिनल होते. त्यांनी आपल्या या मित्रावर लेख लिहिला. २०१३ मध्ये चर्चने चेशेल्स्कींना ‘पूजनीय’ म्हणून जाहीर केले. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी आहे. घरसंसार केलेला, पूल-इमारतींची गणिते करणारा माणूस त्या वाटेवर आहे, याचे मला अप्रूप वाटते.

स्वतः मामाही मोठे होत गेले. जुलै १९५८ मध्ये नदीवरच्या सहलीत असतानाच त्यांना वॉर्साला बोलावणे आले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांची बिशप म्हणून नेमणूक झाली होती. ती स्वीकारून ते पुन्हा आपल्या होडीवर परतले. १९६४ मध्ये आर्चबिशप, १९६७ मध्ये कार्डिनल झाले, पण उन्हाळ्यातल्या सहली १९७८ पर्यंत चालू राहिल्या. मे १९७७ मध्ये स्तानिस्वाफ पियास या विरोधी चळवळीतल्या विद्यार्थ्याचा क्राकूवमध्ये संशयास्पद मृत्यू झाला. तेव्हा तिथल्या तरुणांनी स्वतःची समिती उभारली आणि कार्डिनल वोयतिवांनी त्यांची बाजू जाहीरपणे उचलून धरली. १६ ऑक्टोबर १९७८ रोजी ते पोप झाले. त्यानंतर जुनी मंडळी मुलाबाळांसह रोमला त्यांना भेटायला जात. तिथेही ते वुयेकच होते.

या गटाच्या दोन प्रकारच्या नोंदी मागे उरल्या. एक गुप्त पोलिसांच्या. वोयतिवांवर वर्षानुवर्षे पाळत होती आणि कोण कुठे गेले, कोणाला भेटले हे टिपून ठेवलेले होते. दुसरी नोंद १९९९ मध्ये क्राकूवला पुस्तकरूपाने निघाली. त्यात त्या जुन्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आठवणी लिहिल्या. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘वाटेची नोंद’ असा होतो. उपडी होडी, वल्ह्यांचा क्रूस, होडीतली ती दुसरी जागा, हे सगळे आपल्यापर्यंत पोहोचले ते त्या माणसांच्या आठवणींतून. तोवर ती विशी-पंचविशीतली मुले साठी-सत्तरीची झाली होती. तेव्हाही ती लिहायला बसली नसती, तर फक्त पोलिसांची बाजू शिल्लक राहिली असती.

आपल्या शाळेच्या दप्तरातही आपली नोंद आहे. जन्मतारीख, हजेरी, गुण, शाळा सोडल्याचा दाखला. कोण कोणाच्या डब्यातले खायचे, कोणत्या बाई तास संपल्यावरही थांबून ऐकून घ्यायच्या, कोणते सर परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी बोलावून शिकवायचे, हे त्यात कुठेच नाही. ते फक्त आपल्यालाच माहीत आहे. तेव्हा ज्यांनी ‘मला लिहिता येत नाही’ म्हणून या स्मरणिकेसाठी अजून काही दिलेले नाही, त्यांना माझी विनंती आहे की दोन पाने तरी लिहा. आणि आपल्या सर-बाईंपैकी जे आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडूनही लिहून घ्या.