मुक्तांबाळ छत्र, ओरत्तनाडु

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील मराठाकालीन अन्नछत्र. तंजावर-पट्टुक्कोट्टै रस्त्यावरील ओरत्तनाडु येथे दुसरे सरफोजी राजे भोसले (कार. १७९८–१८३२) यांनी १८०२ च्या सुमारास आपली प्रिया मुक्तांबाळ हिच्या नावाने ते बांधले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंची सोय हा मुख्य हेतू.

तंजावरच्या छत्रांतील जेवणाची रीत सरफोजींनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना १८०१ मध्ये लिहिलेल्या पत्रातून कळते. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्वांना शिजवलेला भात मिळे. तो नको असेल त्याला मसाल्यासह कोरडा शिधा. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी असेल तर यावे, अशी हाळी देत. दानाच्या थाटापेक्षा ही घंटाच अधिक बोलकी वाटते.

या भागात पंगत केळीच्या पानावर बसते. पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे येतो. जेवण उरकल्यावर पान आपल्याकडे दुमडतात. छत्रांपलीकडे, तंजावरच्या राजवाड्यातील मुदपाकखान्याचे पदार्थ मात्र मराठीतील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या ग्रंथात नोंदलेले असून तो सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केला आहे.