दिनविशेष : ११ डिसेंबर
१८५३ : नागपूरकर भोसल्यांचे राज्य निर्वारस

नागपूरचे राजे रघूजी भोसले (तिसरे) यांचे ११ डिसेंबर १८५३ रोजी निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. राणी बाकाबाईंसह राजघराण्याने दत्तकासाठी आग्रह धरला. पण गव्हर्नर-जनरल डलहौसीने वारसा नामंजूर करून १८५४मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात निघाले.

याचे पडसाद थेट छत्तीसगडात उमटले, कारण तो मुलूखही भोसल्यांच्याच राज्यात होता. १७४१मध्ये भोसल्यांचे सरदार भास्करपंत यांच्या स्वारीने तेथील रतनपूर भोसल्यांच्या अमलाखाली आले. पुढे बिंबाजी भोसले तेथून कारभार पाहू लागले. १८१८नंतर काही वर्षे रघूजींच्या नावाने इंग्रजांनीच कारभार हाकला. त्या काळात इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यूने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. १८२०च्या त्याच्या अहवालात या मुलखातील गावे, शेती आणि चालीरीतींची माहिती आहे. पुढे १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि रायपूरही त्यात आले.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आजही मराठी वस्ती आहे, शहरात महाराष्ट्र मंडळही कार्यरत आहे. राज्यकर्त्यांचा इतिहास अहवालांत सापडतो. वस्त्यांचा मात्र घरोघरच्या जुन्या कागदांत आणि थोरामोठ्यांच्या आठवणींत असतो. त्या आत्ताच लिहून ठेवायला हव्यात.