प्रा. एन. डी. पाटील : सत्तेबाहेरचा पक्षनेता

पुढाऱ्याचे चरित्र सांगताना प्रथम त्याची मंत्रिपदे मोजावयाची, अशी आपल्याकडे चाल आहे. ह्या मापाने प्रा. एन. डी. पाटील ह्यांचे चरित्र एका वाक्यात आटोपते : १९७८ च्या जुलैत ते पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात सहकारमंत्री झाले आणि १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्त झाले. परंतु हे माप अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

एन. डी. आपल्याच जिल्ह्याचे. वाळवे तालुक्यातील ढवळी येथे एका शेतकरी घरात १५ जुलै १९२९ रोजी त्यांचा जन्म झाला. १९४८ साली ते शेतकरी कामगार पक्षात आले, ते अखेरपर्यंत तेथेच राहिले. अर्थशास्त्राचे एम. ए. होऊन साताऱ्यास कर्मवीरांच्या महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. पुढे १९५७ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या युनियनचे सरचिटणीसपद त्यांनी पत्करले. शेतकऱ्याचा मुलगा गिरणगावात उतरला, तेव्हा पक्षाच्या नावातील दोन्ही शब्द त्याच्या ठायी एकत्र आले.

विधान परिषदेत ते १८ वर्षे होते. १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार होते. पक्षाचे सरचिटणीसपद त्यांनी १९६९ ते १९७८ व पुन्हा १९८५ ते २०१० असे सांभाळले. परंतु त्यांची खरी कामगिरी सभागृहाबाहेरची. दाभोळच्या एन्रॉनला विरोध त्यांनी केला. रायगडात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा ऐंशीच्या घरातला हा म्हातारा लढ्यात उभा राहिला. २००८ साली पेण तालुक्यातील २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाचेही ते अग्रणी होते. तो टोल २०१५ च्या अखेरीस रद्द झाला.

येथे कोणी विचारील, की माणूस एवढा मोठा, मग पक्ष का खंगला? प्रश्न रास्त आहे. तो टाळू नये. १९७८ साली ह्या पक्षाचे १३ आमदार निवडून आले होते; २०१९ साली एकच आला. साखर कारखाने व सहकारी बँका सत्ताधाऱ्यांच्या हाती गेल्या आणि गावचा होतकरू कार्यकर्ता तिकडे ओढला गेला. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले. ही कारणे खरी. पण पुरी नव्हेत. एकाच माणसाकडे इतकी वर्षे सरचिटणीसपद राहिले, की पुढची फळी तयार होत नाही. लढा जिंकल्यावर लोक घरी जातात. त्यांना शाखेत, वर्गणीत, अभ्यासवर्गात बांधून ठेवणे हे निराळे काम आहे. ते काम मागे पडले, असे आमचे मत आहे.

हे आम्ही कुपवाडात मुद्दाम सांगतो. येथल्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार वाढला आहे. तोही चांगल्या पुढाऱ्याची वाट पाहतो. तसा पुढारी लाभला तर उत्तमच. परंतु एन. डीं.सारखा निःस्पृह माणूस सत्तर वर्षे राबूनही पक्ष उभा ठेवू शकला नाही, हे ध्यानी घेतले, तर वर्गणीची पावती फाडणारा आणि सभेची नोंद ठेवणारा साधा सभासद किती मोलाचा आहे, हे कळेल. १७ जानेवारी २०२२ रोजी एन. डी. कोल्हापुरात निवर्तले. त्यांनी अर्धे काम करून ठेवले आहे. उरलेले अर्धे सभासदांचे आहे.