एसआर गोळी कुटून का घेऊ नये? हायड्रोजेलचं काम समजून घ्या

सोलापूरचा उन्हाळा म्हणजे आमच्या घरी सब्जाचं सरबत ठरलेलंच. गेल्या मे महिन्यात मी सब्जा भिजत घालत होतो आणि शेजारी आई आजीची डायबेटीसची गोळी खलबत्त्यात कुटायला निघाली होती. आजीला मोठी गोळी गिळवत नाही. मी पाकीट पाहिलं : मेटफॉर्मिन, पुढे ‘एसआर’. म्हटलं, ‘‘आई, थांब!’’ का थांबवलं, ते सब्जावरूनच सांगतो.

हायड्रोजेल म्हणजे काय?

सब्जा भिजला की बीभोवती पारदर्शक गर येतो. हे नैसर्गिक हायड्रोजेल. त्यात पाण्याची ओढ असलेल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात. पाणी शिरलं की त्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि जेल फुगतं. काही जेलमध्ये साखळ्यांना रासायनिक गाठी मारलेल्या असतात. गाठी ताणल्या जातात पण सुटत नाहीत, म्हणून फुगणं एका हद्दीवर थांबतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने स्टार्चपासून बनवलेलं ‘जलशक्ती’ हे असंच पाणी धरून ठेवणारं पॉलिमर. तिथेच डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी अशी जेल कशी फुगतात यावर संशोधन केलं.

गोळीत काय घडतं?

एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी. अशा बऱ्याच गोळ्यांत एचपीएमसी हे सेल्युलोजपासून केलेलं पॉलिमर असतं. यात गाठी नसतात, साखळ्या फक्त एकमेकींत गुंतलेल्या असतात. पोटात गेल्यावर गोळीचा बाहेरचा थर भिजून चिकट जेल होतो, आतला भाग कोरडाच राहतो. पाणी सावकाश आत मुरतं. विरघळलेलं औषध जेलमधून वाट काढत बाहेर येतं. वरचा थर झिजला की आत नवा तयार होतो. असं कित्येक तास चालतं.

कधी शौचात गोळीसारखा मऊ गोळा दिसतो. घाबरू नका, बहुतेक वेळा ते औषध निघून गेलेलं रिकामं जेल असतं.

कुटली तर?

भुकटीला तो सलग थर धरताच येत नाही. दिवसभराचं औषध थोड्या वेळात सुटतं. मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब वाढू शकतात. बीपीच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्यांत हे जिवावरही बेतू शकतं.

म्हणून घरातल्या पाकिटांवर एसआर, एक्सआर, ईआर किंवा पीआर लिहिलंय का ते आजच बघा. असेल तर गोळी कुटू नका, चावू नका. मधे रेघ असली तरी मोडण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारा.

आम्हीही विचारलं. आजीला आता साधी, लहान गोळी दिवसातून दोनदा मिळते. खलबत्ता पुन्हा शेंगदाणा चटणीच्या कामाला लागलाय.